विषय: मुलाच्या पासपोर्टसाठी वडिलांचे संमतीपत्र – एकच कागद तिन्ही ठिकाणी चालेल का?

प्रेषक: ग्रंथालय समिती (सोमवार, रात्री)

सर्वांना सप्रेम नमस्कार,

आज येथे अमेरिकन पासपोर्टच्या खिडकीवरून आमचा अर्ज परत आला. पुढची भेट लगेचची मिळाली आहे, म्हणून थेट विचारते. मोठा मुलगा अजून सोळा वर्षांचा झालेला नाही, त्यामुळे दोन्ही पालकांची संमती हवी. हे सध्या दुसऱ्या राज्यातील कामावर असल्याने त्यांनी तेथील नोटरीकडून डीएस-३०५३ (हजर नसलेल्या पालकाच्या संमतीचा छापील नमुना) करून टपालाने पाठवला होता. नोटरीच्या कचेरीतून ओळखपत्राच्या पुढच्याच बाजूची झेरॉक्स जोडून मिळाली आणि तेवढ्यासाठी खिडकीवरच्या बाईंनी सगळा संच परत केला.

सुट्टीत मुलगा आजीबरोबर भारतात जाणार आहे, त्यासाठी आम्हा दोघांचे प्रवासाचे संमतीपत्र लागेल. शिवाय धाकटीच्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड) अर्जासोबत पालकांचे अधिकारपत्र द्यायचे आहे. यांना दर वेळी काम सोडून नोटरीकडे जाणे जमत नाही. तेव्हा तिन्ही गोष्टींना संमती आहे असे एकच प्रतिज्ञापत्र करून त्यावर एकदाच शिक्का घेतला तर चालेल का? मागच्या वर्षी आपल्यापैकी कोणीतरी असे केल्याचे मला आठवते.

ग्रंथालय समिती

---

प्रेषक: माजी खजिनदार (सोमवार, रात्री उशिरा)

ताई,

निश्चित चालेल, आणि माझ्या मते तेच करावे. बहिणीच्या जागेच्या व्यवहारासाठी मी कुलमुखत्यारपत्र केले तेव्हा येथील नोटरीचा शिक्का घेतला, त्यावर राज्याच्या सचिवालयाचे ॲपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मिळणारे प्रमाणपत्र) घेतले आणि कागद भारतात विनातक्रार स्वीकारला गेला. ॲपोस्टिलचा करार १९६१ चा आहे, अमेरिकेत तो १९८१ पासून आणि भारतात २००५ पासून लागू आहे. कागदावर एकदा ॲपोस्टिल असले की दुसऱ्या देशाने पुन्हा वकिलातीचे साक्षांकन मागायचे नाही, यासाठीच तो करार आहे. सर्व बाबी एका प्रतिज्ञापत्रात लिहा, ॲपोस्टिल घ्या आणि निश्चिंत व्हा.

माजी खजिनदार

---

प्रेषक: नोटरी असलेला सभासद (मंगळवार, सकाळी)

सर्वांना नमस्कार,

काकांच्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु या प्रकरणात त्यांचा सल्ला पाळला तर ताईंचा अर्ज पुन्हा परत येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण व्यवहाराची आहे. पासपोर्टच्या अर्जाबरोबर दिलेले संमतीपत्र मूळ स्वरूपात द्यावे लागते आणि ते त्या अर्जासोबतच जाते. एकाच कागदावर तिन्ही संमती लिहिल्या, तर पहिल्या खिडकीवर तो कागद जमा होईल आणि आजींच्या हातात प्रवासात दाखवायला काहीच उरणार नाही. दुसरी अडचण मुदतीची आहे. डीएस-३०५३ वरील संमती नोटरीच्या तारखेपासून नव्वद दिवसच ग्राह्य धरली जाते. प्रवासाच्या पत्राला असे बंधन नाही, पण त्यात जाण्यायेण्याच्या तारखा, मुलाबरोबर कोण आहे आणि पालकांशी संपर्क कसा साधायचा हे लिहिलेले असावे लागते. पासपोर्ट देणाऱ्याला या तपशिलांचा काही उपयोग नसतो. तिसरी अडचण अशी की संमती कशासाठी आहे हे प्रत्येक कार्यालय आपल्या नमुन्यात शोधते. नियमाकडे पाहिले (अमेरिकेची संघीय नियमसंहिता, २२ सीएफआर ५१.२८) तर अनुपस्थित पालकाचे नोटरीसमोर केलेले लेखी निवेदन पुरेसे आहे, म्हणजे छापील नमुनाच हवा असा काटेकोर अर्थ त्यातून निघत नाही. तरीही खिडकीवर बसलेल्या माणसाला परिचित नमुना मिळाला की काम पुढे सरकते, आणि घाईच्या वेळी मी तरी नियमाचा अर्थ लावत बसण्याचा धोका पत्करणार नाही.

आता ओळखपत्राबद्दल. नोटरीला जे ओळखपत्र दाखवले, त्याच ओळखपत्राची पुढची व मागची अशी दोन्ही बाजूंची प्रत डीएस-३०५३ ला जोडायची असते. पती चालक परवाना दाखवून सही करणार असतील तर प्रतही परवान्याचीच हवी, पासपोर्टची चालणार नाही. घरून सही करून आणलेला कागद तर मुळीच चालत नाही, कारण सही नोटरीच्या डोळ्यांसमोरच व्हावी लागते.

एक गोष्ट वारंवार विसरली जाते ती अशी की मजकूर खरा आहे याची ग्वाही नोटरी देत नाही. समोरची व्यक्ती ओळखपत्रानुसार तीच आहे, तिने स्वेच्छेने सही केली, आणि शपथेवर केलेला कागद असेल तर तिने शपथ घेतली, एवढेच आम्ही प्रमाणित करतो. काकांचे कुलमुखत्यारपत्र स्वीकारले गेले, कारण त्या व्यवहारात भारतातील निबंधकाला नेमके हेच हवे होते. १९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम ३३ परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रासाठी नोटरीसमोर सही मान्य करते. पालकांच्या संमतीला तो नियम लागू नाही.

तेव्हा तीन वेगळे कागद करावेत, मात्र एकाच बैठकीत. पतींनी एकदाच नोटरीकडे जावे आणि ज्या कागदांना नोटरी लागते त्या सर्वांवर एकापाठोपाठ सह्या कराव्यात.

---

प्रेषक: माजी खजिनदार (मंगळवार, दुपारी)

मूळ कागद जमा होतो हे मान्य आहे, परंतु त्याच नोटरीकडून दोनतीन नकलांवर ‘मूळ कागदाप्रमाणे’ असा शिक्का घेतला तर प्रश्न सुटतो. भारतात नोटरी हे सर्रास करतात, आणि मुलाच्या जन्मदाखल्याच्या प्रतीवरही तसा शिक्का घेता येईल. पस्तीस वर्षे या देशात राहिल्यावर मी काही अगदीच ऐकीव लिहीत नाही.

---

प्रेषक: नोटरी असलेला सभासद (मंगळवार, सायंकाळी)

काका, भारतातील नोटरीला १९५२ च्या कायद्याने जे अधिकार आहेत, ते येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. येथे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्रासारखे मोजके अपवाद सोडले तर नोटरीला कागदाची प्रत प्रमाणित करता येत नाही. जन्म, मृत्यू व विवाह यांच्या दाखल्यांच्या बाबतीत तर बहुतेक राज्ये नोटरीला दूरच ठेवतात, कारण त्या दाखल्याची प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार निबंधकाचा आहे. ताईंना दाखला ॲपोस्टिल करून भारतात पाठवायचा असेल तर निबंधकाकडून प्रमाणित प्रत मागवावी आणि तीच, ज्या राज्याने दिली त्या राज्याच्या सचिवालयाकडे पाठवावी. मध्ये नोटरीची पायरीच येत नाही. खाजगी कागद असेल तेव्हाच आधी नोटरी लागतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर त्यानंतर नोटरीची सही काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घेऊनच पुढे जाता येते.

---

प्रेषक: रविवारच्या शाळेतील एक पालक (बुधवार, सकाळी)

नमस्कार,

जन्मदाखल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. दाखला मागवताना त्यावर दोन्ही पालकांची पूर्ण नावे असलेला मोठा नमुना मागावा. नावे नसलेला छोटा दाखला पासपोर्टसाठी स्वीकारत नाहीत.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न आहे, ज्याबद्दल आपल्या मंडळींत कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी आमचा विवाह झालेला नव्हता, त्यामुळे माझे नाव दाखल्यावर आपोआप आले नाही. पितृत्वाच्या स्वेच्छा स्वीकृतीचा एक नमुना असतो, आणि १९९६ च्या संघीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याने तो रुग्णालयातच उपलब्ध करून द्यावा लागतो. त्यावर आई आणि वडील दोघांनी सही करायची असते. काही राज्यांत त्यासाठी नोटरी लागतो, काहींत साक्षीदार चालतो. सही केल्यावर साठ दिवसांत ती मागे घेता येते, नंतर मात्र फसवणूक, बळजबरी किंवा वस्तुस्थितीचा गैरसमज अशाच कारणांवर न्यायालयात जावे लागते. म्हणजे हा कागद साध्या अर्जासारखा नाही, त्याला न्यायालयाच्या पितृत्वनिर्णयाइतके वजन आहे. आम्ही दोघांनी तो पूर्ण वाचून, विचारपूर्वक सही केला आणि आजही मला तो आमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो.

याचा संमतीशी थेट संबंध आहे. दाखल्यावर केवळ आईचे नाव असेल तर पासपोर्टसाठी दुसऱ्या पालकाची संमती मागितली जात नाही. एकदा वडिलांचे नाव लागले की दोघांची संमती लागते. नाव लावायचे की नाही हे ठरवताना या परिणामाचाही विचार व्हावा.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी (बुधवार, दुपारी)

सभासदहो,

चर्चा उपयुक्त आहे याबद्दल दुमत नाही. परंतु कागदपत्र मार्गदर्शनासाठी मंडळाने स्वतंत्र उपसमिती नेमलेली आहे, आणि असे प्रश्न प्रथम तिच्याकडे यावेत असे वार्षिक सभेत ठरले होते. तसेच आपले नोटरी सभासद मासिक सभेच्या ठिकाणी शिक्के देणार असल्याचे मला तोंडी कळले. मंडळाच्या जागेत अशी सेवा द्यायची असल्यास कार्यकारिणीची पूर्वसंमती आवश्यक आहे, कारण उद्या एखादा कागद नाकारला गेला तर विचारणा मंडळाकडे होईल.

---

प्रेषक: नोटरी असलेला सभासद (बुधवार, सायंकाळी)

सचिवमहोदय,

मी मासिक सभेत कोणतीही सेवा जाहीर केलेली नाही. माझी नेमणूक राज्याची आहे आणि शिक्क्याची जबाबदारी माझी एकट्याची आहे, मंडळाची नाही. तरीही आपल्या भावनेचा मान ठेवून मी मंडळाच्या जागेत शिक्का देणार नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण फोन येऊ लागले आहेत: माझ्या नात्यातील कोणाच्याही कागदावर किंवा ज्यात माझा हितसंबंध आहे अशा कागदावर मी शिक्का देत नाही. माझ्या मेहुण्यांनी कृपया हे मनावर घेऊ नये.

---

प्रेषक: महिला आधार गट (बुधवार, रात्री)

सर्वांना नमस्कार,

शिक्का कुठे मारायचा यावर बरेच लिहून झाले, पण संमतीत काय लिहायचे यावर फारसे कोणी लिहिले नाही. आजीबरोबर किंवा एका पालकाबरोबर मूल देशाबाहेर जाते तेव्हा असे पत्र जवळ असावेच असा कोणताही अमेरिकन कायदा नाही, पण येथील सीमाशुल्क विभाग नोटरी केलेले पत्र जवळ ठेवण्याचा आग्रहाने सल्ला देतो. त्यामागे कारण आहे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे ठरलेल्या तारखेला मूल परत आले नाही तर येथील पालकाला त्या कराराचा आधार मिळत नाही. आमच्या गटाकडे येणाऱ्या काही आया नेमक्या याच भीतीने आलेल्या असतात.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की कोणाही पालकाने ‘केव्हाही, कुठेही, कोणाबरोबरही’ अशा मजकुराच्या कोऱ्या संमतीवर सही करू नये, घरात कितीही सलोखा असला तरी. प्रवासाच्या तारखा, सोबत्याचे नाव आणि परतीचा दिवस लिहावा. ज्यांच्या घरी ताबा किंवा घटस्फोटाचे प्रकरण चालू आहे, त्यांनी परराष्ट्र खात्याच्या बालक पासपोर्ट इशारा योजनेत मुलाचे नाव नोंदवावे, म्हणजे मुलाच्या नावाने पासपोर्टचा अर्ज आला की त्यांना कळवले जाते. एका प्रतिज्ञापत्रात सर्व बसवण्याची कल्पना मला यासाठीही पटत नाही, कारण त्यात मर्यादा हरवतात.

---

प्रेषक: नाट्यविभागातील सभासद (गुरुवार, सकाळी)

वरील पत्राला पूर्ण अनुमोदन. माझी बहीण आणि भाचा भारतात आहेत आणि मेहुणे येथे. भाचा भारतीय नागरिक असल्याने त्याच्या भारतीय पासपोर्टसाठी परिशिष्ट डी (अज्ञान मुलासाठी पालकांचे घोषणापत्र) लागले. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टची परिशिष्टे साध्या कागदावरील स्वयंघोषणा म्हणून दिली जातात आणि त्यांना नोटरी लागत नाही, म्हणून बहिणीने घरीच सही केली. मात्र एक पालक परदेशात असेल तर त्याचे शपथपत्र भारतीय वकिलातीने साक्षांकित केलेले मागतात. मेहुण्यांनी काकांसारखेच आधी नोटरी आणि ॲपोस्टिल केले होते आणि ते बाजूला ठेवले गेले. काकांचे म्हणणे कायद्याच्या तत्त्वाने बरोबर असेलही, पण पासपोर्ट कार्यालयाच्या यादीत वकिलात लिहिले आहे. वकिलातीतील अधिकाऱ्यांना शपथ देण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याने आहे, त्यामुळे काम तेथेच पूर्ण होते.

---

प्रेषक: माजी खजिनदार (गुरुवार, दुपारी)

भारतीय पासपोर्टचा प्रश्न वेगळा आहे, ताईंचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे. ॲपोस्टिलबाबतचे माझे म्हणणे जागेच्या कागदांना लागू आहे आणि ते मी कायम ठेवतो. मात्र पासपोर्टसाठी तीन वेगळे कागद करावेत याला आता माझा विरोध नाही. मूळ प्रत जमा होते हा मुद्दा बिनतोड आहे.

---

प्रेषक: ग्रंथालय समिती यांचे यजमान (गुरुवार, रात्री)

सर्वांना नमस्कार,

सौ.ने सर्व पत्रे मला पाठवली. शनिवारी सकाळी येथील नोटरीची वेळ घेतली आहे. डीएस-३०५३ आणि प्रवासाचे पत्र सही न करताच नेणार आहे, सही तेथेच करीन. ओसीआयचे अधिकारपत्रही बरोबर ठेवतो, त्याला नोटरी लागत असेल तर त्याच बैठकीत होईल. परवान्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मी स्वतःच काढून नेईन.

एकच शंका उरली आहे. माझ्या परवान्यावर मधले नाव आद्याक्षराने आहे आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर ते पूर्ण आहे. डीएस-३०५३ वर नाव परवान्याप्रमाणे लिहू की दाखल्याप्रमाणे? नोटरी सभासदांनी शुक्रवारपर्यंत कळवल्यास आभारी राहीन.

---

प्रेषक: नोटरी असलेला सभासद (शुक्रवार, सकाळी)

वहिनींच्या यजमानांस,

नाव दाखल्याप्रमाणे पूर्ण लिहावे, कारण मुलाचे पालक म्हणून आपली ओळख त्याच कागदावरून पटवली जाते. आद्याक्षर जुळत असल्यामुळे सहसा अडचण येत नाही, तरी परवान्यासोबत आपला पासपोर्टही बरोबर ठेवावा. नोटरीने परवान्याऐवजी पासपोर्टच मागितला, तर अर्जाला प्रत त्याचीच जोडावी. सही करण्यापूर्वी नोटरीला दोन्ही कागद दाखवून फरक आधीच सांगावा आणि त्याची तारीख, शिक्का व नेमणुकीची मुदत स्पष्ट उमटली आहे हे तेथेच तपासून घ्यावे.