मदत हवी आहे : पक्षातले पंच नेत्यांनीच नेमायचे का?

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या नोंदणीकृत पक्षाचा कोथरूडमधला साधा सभासद, पद कुठलंच नाही. आमच्या पक्षघटनेत वाद मिटवायला तिघांची स्वतंत्र समिती आहे, सभासदांनी मतदानाने निवडलेली. आता कार्यकारिणीला ती स्वतःच नेमायची आहे. म्हणजे तक्रार ज्यांच्याविरुद्ध, पंचही त्यांचेच! दुरुस्तीचा ठराव पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत येतोय.

शहराध्यक्षांना पत्र दिलं. पोच आहे, उत्तर नाही. सभासद यादी मागितली तर ‘गोपनीय’ म्हणे. निवडणूक आयोगाकडे जाणार होतो, पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षांना नोंदणी देणारा आयोग, पक्षाने स्वतःची घटना मोडली म्हणून नोंदणी रद्द करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. मोजके अपवाद आहेत, ते आम्हाला लागू नाहीत.

पक्ष सोडायचा नाही, पेपरात जायचं नाही, वकिलासाठी फार पैसेही नाहीत. (‘दुसरा पक्ष बघा’ हा सल्ला घरातून रोज मिळतो.)

घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. हजर सभासदांची की एकूण, ते लिहिलेलंच नाही. अशा वेळी काय धरतात? आणि सभेआधीच शिवाजीनगरच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो, की ठराव मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं?