वारंवार गर्भपात: "होतं असं कधीकधी" म्हणून जे तपासायचं राहून गेलं ते इथे लिहूया (अनुभव धागा)

वर्षभर मनात होतं हे लिहायचं. परवा ऑफिसमधली एक मुलगी वॉशरूममध्ये रडताना दिसली, दुसरं मिसकॅरेज, आणि तिला सांगितलं काय तर "होतं असं कधीकधी, तीन महिन्यांनी परत बघू". मला हेच वाक्य तीनदा ऐकवलंय. म्हणून ज्यांचं दोन किंवा जास्त वेळा असं झालंय आणि कारण पुढे भलतंच निघालं, किंवा निघालंच नाही, त्यांनी इथे लिहा प्लीज. औषधं सुचवू नका, ते डॉक्टर बघतील. पण आपल्या फायलीत काय राहिलंय हे विचारायचं तरी कुणाला सुचेल.

सुरुवात मीच करते. पुणे, वय ३५. आठवा आठवडा, मग नववा, मग सातवा. पहिल्या दोन्ही वेळी ठोके दिसले होते आणि पुढच्या सोनोग्राफीला बंद. त्या मॅडम बोलता बोलता गप्प होतात आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवतात ना, तेव्हाच कळतं. घरी कारणं तयार होती, स्कूटी चालवली, लॅपटॉप मांडीवर घेते, पपई खाल्ली असेल. पपई मी त्या वर्षात तोंडात घातली नव्हती तरी रात्र रात्र आठवत बसायचे की कुणाच्या लग्नात फ्रूट सॅलडमध्ये तर नसेल ना.

तिसऱ्यानंतर डॉक्टर बदलल्या. त्यांचा पहिला प्रश्न, "आधीच्या वेळी जे पडलं ते तपासायला पाठवलं होतं का?" नव्हतं, तिन्ही वेळा नाही. मग रक्ताच्या तीन टेस्ट सांगितल्या, ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा टू ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या पण एकदा पॉझिटिव्ह आल्यावर लगेच शिक्का मारत नाहीत, साध्या इन्फेक्शननेही तात्पुरत्या वाढू शकतात, म्हणून १२ आठवड्यांनी परत करायच्या. परत पॉझिटिव्ह. एपीएस म्हणतात त्याला. आपलंच शरीर अशा अँटिबॉडीज बनवतं की त्या वारेवर हल्ला करतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्याही होतात आणि वार नीट रुजत नाही. चौथ्या वेळी रोज ७५ ची ॲस्पिरिन आणि पोटात हेपारिनचं (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) इंजेक्शन. इंजेक्शन नवरा द्यायचा, पहिल्या आठवड्यात त्याचाच हात थरथरायचा. हेपारिन वारेतून बाळाकडे जात नाही हे डॉक्टरांनी तीनदा समजावलं तेव्हा मला झोप लागली. वापरलेल्या सुया तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचो आणि डबा भरला की हॉस्पिटलमध्ये नेऊन द्यायचो, दोनशेच्या वर झाल्या. पोट सगळं हिरवंनिळं. मुलगा आता ४ वर्षांचा आहे.

हीच टेस्ट दुसऱ्या वेळेनंतर झाली असती तर, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

इचलकरंजी, वय ३१

माझं छोटंसंच आहे. थायरॉईड आधीपासून माहीत होता, गोळी चालू होती, म्हणून कुणी तिकडे बघितलंच नाही. दोनदा गेलं. नंतर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केला तर ११, म्हणजे खूपच जास्त! नवीन डॉक्टरांनी विचारलं गोळी कशी घेता, मी म्हटलं सकाळी चहाबरोबर आणि सोबत कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या, एकदमच घेऊन टाकते म्हणजे विसरायला नको. त्यांनी डोक्याला हात लावला. लोह आणि कॅल्शियममुळे ती गोळी अंगी लागतच नाही, चार तासांचं अंतर पाहिजे आणि ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर. शिवाय दिवस राहिले की डोस वाढवावा लागतो, हेही मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता सातवा महिना चालू आहे.

नाशिक, वय ३८

मी पुरुष आहे, इथे लिहिलं तर चालेल ना. चार वेळा झालं आमचं. चारही वेळा तपासण्या बायकोच्या, रक्त तिचं, दुर्बीण तिला, उपास तिला, देवीची ओटी तिने भरायची. माझं नाव फक्त फॉर्मवर पतीचे नाव म्हणून. चौथ्या वेळी क्युरेटिंग (पिशवी साफ) करताना डॉक्टरांनी तो भाग जनुकीय तपासणीला पाठवला, रिपोर्ट आला की क्रोमोसोमची गडबड आहे, मग आम्हा दोघांचं कॅरिओटायपिंग, म्हणजे रक्तातून क्रोमोसोम तपासणं. रक्त द्यायला दोन मिनिटं लागतात, रिपोर्टला काही आठवडे. हिचा एकदम नॉर्मल. माझ्यात ४६ ऐवजी ४५ क्रोमोसोम, १३ नंबरचा आणि १४ नंबरचा एकमेकांना चिकटलेले. मला स्वतःला त्याने काहीही होत नाही, माल सगळा पूर्ण आहे फक्त बांधणी वेगळी, असं जेनेटिक्सच्या मॅडमनी कागदावर रेघा काढून समजावलं. पण मूल होताना वाटणी चुकू शकते आणि बरेचदा तो गर्भ टिकत नाही. अशी जोडपी शंभरात दोन ते पाच निघतात म्हणे वारंवार गर्भपात होणाऱ्यांत.

तो कागद घेऊन घरी गेलो आणि आईसमोर वाचून दाखवला. आई बराच वेळ बोलली नाही. मग उठून आत गेली आणि बायकोला पाणी आणून दिलं, एवढंच. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताला पाणी.

आयव्हीएफ करून गर्भ तपासून ठेवायचा पर्याय सांगितला होता, खर्च ऐकून आम्ही म्हटलं अजून एकदा आपलं आपण बघू. पाचव्या वेळी टिकलं. सोळाव्या आठवड्यानंतर पोटातलं पाणी काढून तपासलं, मुलीतही (ती मुलगी आहे हे अर्थात जन्मानंतर कळलं, रिपोर्टमध्ये कायद्याने लिहीत नाहीत) माझ्यासारखीच जोडणी आहे, म्हणजे ती ठीक आहे, पण मोठी झाली की तिला हे सांगावं लागेल. फाईल जपून ठेवलीये. नवरे मंडळींनो रक्त द्या, आणि ते पहिल्यांदा द्या, बायकोची दुर्बीण होण्याआधी. आणि तंबाखू खात असाल तर तीही सोडा, शुक्रजंतूंच्या डीएनएवर परिणाम होतो, मला त्याच वेळी सोडायला लावली.

वेंगुर्ला, वय ४०

माझे दोन्ही मोठे होऊन गेले. एकोणीस आठवडे आणि एकवीस आठवडे. तिसऱ्या महिन्यात जातं तेव्हा लोक निदान समजून घेतात, पाचव्यात जातं तेव्हा पोट दिसत असतं, सगळ्यांना माहीत असतं आणि तुम्हाला दूध येतं. दूध येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुखलं नाही. हे मुद्दाम लिहितेय. कळा नाहीत, रक्त नाही, फक्त खाली जड जड वाटत होतं आणि थोडा पांढरा स्राव, मी फोन केला तर म्हणाले गॅस असेल. तासाभरात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी सेम. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी न दुखता उघडतं, त्याची लांबी आतून सोनोग्राफी करून मोजता येते, २५ मिलिमीटरच्या खाली आली की सावध व्हायचं. माझी कधी मोजलीच नव्हती.

तिसऱ्या वेळी तेराव्या आठवड्यात टाका घातला. डॉक्टर म्हणाले हा शिरोडकर टाका, मला वाटलं कंपनीचं नाव. तर डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर म्हणून होते, मुंबईत काम करायचे, त्यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली आणि आज जगभर त्याच नावाने घालतात. आमच्या इथल्या शिरोड्याचे नव्हेत, गोव्यातल्या शिरोड्याचे. त्या नऊ महिन्यांत मी त्यांना रोज हात जोडायचे, खोटं नाही सांगत. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला, नवव्या दिवशी मुलगी झाली.

नागपूर, वय ३६

वेंगुर्ल्याच्या ताई, दुधाचं वाचून बसूनच राहिले. माझंही तसंच झालं होतं.

मी बँकेत आहे, एक वेगळीच गोष्ट सांगते. पहिल्या दोन्ही वेळा मी सिक लीव्ह टाकून चौथ्या दिवशी काउंटरला उभी होते. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा आहे, मला माहीतच नव्हतं. ज्यांना लागू आहे त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून मागा, तो हक्क आहे.

बाकी माझ्या रिपोर्टवर गर्भाशयाचा आकार "बायकॉर्न्युएट" (वरून दोन शिंगांसारखा दुभंगलेला) लिहिला होता, थ्रीडी सोनोग्राफीत कळलं की मध्ये पडदा आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि साध्या सोनोग्राफीत घोळ होतो. पडदा दुर्बिणीतून कापला, पण आमच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कापल्याने नक्की फायदा होतो यावर अजून एकमत नाही. अजून वाट बघतोय.

बीड जिल्हा

मी आशा वर्कर आहे, गावातली आरोग्य कार्यकर्ती, माझं स्वतःचं नाही, माझ्या गावातल्या बायांचं लिवते. दिवाळीच्या आसपास आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीनला फडात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवायची, एक दिवस बसलं तर खाडा, पैसे कापतात. तिथं दिवस राहिले आन पडलं तरी दुसऱ्या दिवशी फडातच. माझ्याकडं कार्ड, बाई कर्नाटकात, नोंद कुठंच नाही. परत आल्यावर विचारलं की म्हणतात "पडलं बाई, कामानं पडलं". कामानं बी पडत असंल, पण सगळ्यांनी तेच म्हणायचं ठरवलं की बाकीचं कोण बघणार?

एकीचं तीनदा पडलं, वय २६. खाजगीत एकानं सांगितलं पिशवी खराब हाय, काढून टाक. काढायला निघाली होती. मी म्हटलं आधी सरकारी दवाखान्यात चल माझ्यासंगं. तिथं सिस्टरनं बोटाला टोचून साखर बघितली, ३१० च्या पुढं. या वयात शुगर असंल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पिशवी चांगली होती. सहा महिने इन्सुलिन घेतलं, साखर आटोक्यात आल्यावर दिवस राहिले, त्या साली ती फडात गेली नाही, उचल फेडायला सासऱ्यानं शेळ्या विकल्या. पोरगा झाला, मी होते तिथं.

लेस्टर, इंग्लंड, वय ३४

मूळची साताऱ्याची. इथे वाईट याचं वाटलं की तीन होईपर्यंत तपासणीच सुरू होत नव्हती, दोन झाल्यावर म्हणाले तिसरं झालं की या. कुणी असं बोलतं का! युरोपातल्या गाईडलाइन्स दोननंतर तपासा म्हणतात, इथेही आता हळूहळू बदलतंय. तिसऱ्या वेळी सहाव्या आठवड्यात रक्त दिसलं तेव्हा प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन) ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, सोळाव्या आठवड्यापर्यंत. २०१९ साली इथे ४००० हून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला त्यावरून, ज्यांचं आधी मिसकॅरेज झालंय आणि आता ब्लीडिंग होतंय त्यांच्यासाठी २०२१ पासून ते नियमातच आलंय. नुसतं झालं होतं म्हणून, ब्लीडिंग नसताना दिलं तर फरक दिसलेला नाही. हे लिहितेय कारण माझ्या भारतातल्या तिन्ही बहिणींना पहिल्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉन होतं पण शुगर-थायरॉईड कुणी बघितलं नव्हतं.

वर्धा, वय ६८

सुनेने वाचायला दिलं, तिच्याकडूनच टाईप करून घेते आहे. माझा पहिला मुलगा व्यवस्थित झाला. दुसरी मुलगी कावीळ होऊन तिसऱ्या दिवशी गेली. नंतरचे दोन सातव्या महिन्यात पोटातच गेले, अंगाला सूज आलेली होती असं दाईने सांगितलं, मला दाखवलं नाही. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, यांचा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईचं शरीर पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडीज बनवू शकतं. ते होऊ नये म्हणून पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं, ते १९८१ साल होतं, इंजेक्शन तेव्हाही मिळत होतं, मला कुणी दिलं नाही. मी पांढऱ्या पायाची म्हणून नाव पडलं. खूप वर्षांनी रक्तदान शिबिरात एका मुलीने सहज समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं, घरी येऊन देवघरात बसून रडले.

मुलींनो, निगेटिव्ह असाल तर गर्भपात झाल्यावरसुद्धा हे इंजेक्शन लागतं का ते विचारा. फक्त बाळंतपणानंतरच नाही.

ठाणे, वय ४२

आमचं कारण सापडलं नाही. निम्म्या जोडप्यांचं सापडत नाहीच, हे मला फार उशिरा सांगितलं गेलं. तोपर्यंत टॉर्च टेस्ट (गर्भाला बाधू शकणाऱ्या इन्फेक्शन्सची रक्ततपासणी) पाच वेळा झाली होती, प्रत्येक वेळी काहीतरी आयजीजी पॉझिटिव्ह, प्रत्येक वेळी औषधाचा कोर्स. शेवटी एका सरकारी हॉस्पिटलमधल्या मॅडम म्हणाल्या की आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी होऊन गेलंय एवढंच, रुबेलाची तर ती असलेली चांगली, वारंवार गर्भपातासाठी ही टेस्ट करायची गरजच नाही. पाच वेळा. त्या पैशांत दोघांचं कॅरिओटायपिंग झालं असतं, ते मागाहून केलं, नॉर्मल आलं.

पाचव्यानंतर आम्ही थांबलो. मी थांबले म्हणायला हवं, नवऱ्याने विचारलंही नाही, नुसता फॉलिक ॲसिडचा डबा फ्रिजवरून उचलून कपाटात ठेवला. इथे सगळ्यांची बाळं वाचून आनंद होतोय, खरंच, पण माझंही असू दे एक इथे.

परळ, वय २९

ठाण्याच्या ताई, असू दे काय, राहिलंच पाहिजे ते.

मला परवाच कळलंय की ठोके नाहीत, दुसरं आहे. सोमवारी क्युरेटिंग. तो भाग तपासायला पाठवायचा तर मी नक्की काय सांगायचं? मला तिथे काही बोलायला सुचत नाही हो.

पुणे (धागा मीच काढलाय)

अगं, आज रात्रीच फोन कर हॉस्पिटलला, सोमवारवर ठेवू नको. दोन वेगळ्या डब्या लागतात. हिस्टोपॅथॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीची) डबी फॉर्मॅलिनची असते, द्राक्षगर्भासारखं (वारेऐवजी द्राक्षांसारखे फुगे वाढतात ते) काही असेल तर तिथे कळतं. क्रोमोसोमच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक सलाईनची डबी, फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि मग काही करता येत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने सगळं फॉर्मॅलिनमध्येच टाकतात, म्हणून आधी सांगायचं. लॅबचा माणूस किती वाजता येणार तेही विचारून घे. बोलायला सुचणार नसेल तर कागदावर लिहून नवऱ्याच्या खिशात ठेव, आत नेताना त्याने सिस्टरच्या हातात द्यायचा. आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर वर्ध्याच्या काकूंनी लिहिलंय ते त्याच कागदावर खाली लिही.