शब्दचर्चा: रिफला लेहरा म्हणावं का?

प्रश्न: टोरंटोच्या बँगर फिल्म्स या निर्मितीसंस्थेच्या हेवी मेटल या रॉक संगीताच्या प्रकारावरच्या माहितीपटांना मराठी सबटायटल्स द्यायची आहेत. हेवी मेटल, सबजॉनर (त्यातले उपप्रकार), रिफ, ट्रायटोन यांना काय म्हणावं? आणि माहितीपट की अनुबोधपट?

प्रतिसाद: माहितीपट. अनुबोधपट चूक नाही, पण त्याला ‘बोधा’चा वास येतो. वृत्तपट म्हणजे पूर्वी थेटरात सिनेमाआधी दाखवायचे ते बातम्यांचे. ‘हेवी मेटल’ला हात लावू नका. जड धातू म्हणजे शिसं, पारा, कॅडमियम. ‘लहानपणीच त्याच्यावर जड धातूंचा परिणाम झाला’ हे वाचून प्रेक्षक विहिरीच्या पाण्याचा विचार करेल.

प्रतिसाद: सबजॉनरला ‘घराणं’ म्हणायचा मोह होईल, टाळा. घराण्याला गुरू लागतो, तालीम लागते. मेटालिका आणि स्लेयर हे दोन्ही बँड थ्रॅश या सबजॉनरचे, पण कोणी कोणाचं शागीर्द नाही. बँगरचा दिग्दर्शक सॅम डन मानववंशशास्त्र शिकलेला; २००५ च्या पहिल्या माहितीपटात त्याने मेटलची वंशावळच मांडली आहे. तक्त्याला ‘वंशावळ’, सबजॉनरला ‘शाखा’ चपखल बसेल.

प्रश्नकर्ता: आणि रिफ? लेहरा चालेल?

प्रतिसाद: अर्धाच. तबल्याच्या एकलवादनामागे हार्मोनियम किंवा सारंगी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवते, तो लेहरा. फिरून येणं जुळतं, काम मात्र उलटं. लेहरा आवर्तन दाखवतो, कान तबल्याकडे असतो. मेटलमध्ये गाणंच रिफवर उभं असतं. पहिल्यांदा ‘रिफ: गिटारवर फिरून फिरून येणारी ओळ’ असं द्या, पुढे नुसतं रिफ. हे स्पष्टीकरण मुलाखत चालू असताना टाकू नका, कारण बोलण्याचं सबटायटल आणि हे, दोन्ही वाचून होत नाहीत. गिटार वाजू लागली की टाका. लिंग एकच धरा. मी ‘ती रिफ’ म्हणतो.

प्रतिसाद: ट्रायटोन म्हणजे सहा अर्धस्वरांचं अंतर, सा ते तीव्र म. ब्लॅक सबाथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बममधली पहिली रिफ ऐका: खालचा सा, वरचा सा, मग मधला तीव्र म, थरथरता. ट्रायटोनला ‘सैतानाचा स्वर’ही म्हणतात. पण ‘सैतानाचा स्वर’ म्हणून नुसतं ‘तीव्र म’ लिहिलंत तर यमन ऐकत वाढलेला माणूस बुचकळ्यात पडेल. यमनात तो ग आणि प यांच्या सोबतीने येतो. इथे सा वरून थेट उडी आहे, आणि ती विसावत नाही. म्हणून ‘सा–तीव्र म ही उडी’ असं लिहा.

प्रतिसाद: कॉन्सर्टला ‘मैफल’ही नको. आयर्न मेडन या बँडवरच्या २००९ च्या माहितीपटातला दौरा १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, बीकेसीच्या मैदानावरून सुरू होतो. मैफल म्हटलं की तक्क्याला टेकलेले श्रोते दिसतात!

प्रश्नकर्ता: हेडबँगिंगला ‘घुमणं’?

प्रतिसाद: नको, त्यात अंगात येणं आलं. इथे माणूस शुद्धीवर असतो, ठेका धरून मान झटकतो. क्रियापद ‘मान झटकणं’ घ्या. माहितीपटाच्या नावात ‘हेडबँगर’ असेल तिथे तो शब्द तसाच राहू द्या.