‘सायटेशन’ला मराठीत काय म्हणावं? संदर्भ, दाखला की उल्लेख?

संत्राबाग (वरुड):
विज्ञान दिनाला आमच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याचा सत्कार आहे. पोरगा सैद्धांतिक कणभौतिकीत संशोधन करतो. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. त्यानं पाठवलेल्या माहितीत ‘सायटेशन्स’ (दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखनात त्याच्या कामाचा हवाला किती वेळा दिला) आणि ‘एच-इंडेक्स’ असे दोन आकडे आहेत. सायटेशनला एका सहकाऱ्यानं ‘दाखला’ सुचवला. ‘दाखला देणे’ आपण म्हणतोच, अर्थ चुकीचा नाही. पण ‘यांना हजारावर दाखले मिळाले’ असं स्टेजवरून वाचायचं?

पराटी:
वाचून त पाहा! आमाले एका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चकरा मारा लागते. याले हजार कसे भेटले, म्हनतीन लोकं.

मास्तरीणबाई:
‘दाखला’ बादच करा. ‘उद्धरण’ही नको. उद्धरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेणं, आणि कणभौतिकीच्या निबंधात ते क्वचितच होतं. तिथं वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात [१७] असा आकडा असतो. शेवटच्या यादीत सतराव्या क्रमांकावर ते काम कोणाचं, ते दिसतं.

खरी अडचण ‘संदर्भ’ची आहे. आपण दुसऱ्यांच्या कामाचे देतो ते संदर्भ, आणि दुसरे आपल्या कामाचे देतात तेही संदर्भच. ‘निबंधात ८० संदर्भ आहेत’ आणि ‘निबंधाला ८० संदर्भ आहेत’ यांत फरक एका प्रत्ययाचा. पहिल्यात त्याचं वाचन दिसतं, दुसऱ्यात त्याचा मान. म्हणून दिलेले ते ‘संदर्भ’ आणि मिळालेले ते ‘उल्लेख’, असं मी तरी लिहिते.

पराटी:
लग्नात देला तो बी आहेर, अन् आला तो बी आहेरच. कोनाचा घोळ होते का? मंग दोन शब्द काहून पायजे?

मास्तरीणबाई:
आहेर ‘केला’ की ‘आला’ हे क्रियापद सांगतं, भाऊ. मानपत्रात नुसता आकडा येतो, क्रियापद नसतं.

संत्राबाग (वरुड):
पटलं. आणि एच-इंडेक्स? ‘संशोधनाचा प्रभाव : २०’ असं लिहू का?

मास्तरीणबाई:
नका. ‘एच-निर्देशांक’ लिहा. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानंच २००५ साली तो मांडला. निर्देशांक २० म्हणजे निदान २० निबंध असे, की प्रत्येकाला कमीत कमी २० उल्लेख मिळाले. त्या विसांपैकी एखाद्याला दोन हजार मिळाले काय नि वीसच मिळाले काय, आकडा हलत नाही. याला ‘प्रभाव’ कसं म्हणणार?

स्टीव्हन वाइनबर्ग यांचा १९६७चा निबंध घ्या. जेमतेम तीन पानं, विद्युतचुंबकीय आणि क्षीण बल एकाच सिद्धांतात बसवणारी. पहिली काही वर्षं त्याचा उल्लेख जवळपास कोणी केला नाही. १९७१ मध्ये गेरार्ड ट हूफ्ट यांनी अशा सिद्धांतातून गणितं अनंतात न जाता उत्तरं काढता येतात हे दाखवलं, आणि मग उल्लेखांचा पूर आला. १९७९ मध्ये ग्लॅशो आणि सलाम यांच्यासोबत वाइनबर्गना नोबेल मिळालं. १९७० मध्ये कोणी मानपत्र लिहिलं असतं, तर ‘प्रभाव : नगण्य’ असं लिहावं लागलं असतं.

धुऱ्यावरचा:
एक भर. त्याला ‘प्रमुख लेखक’ लिहू नका. सैद्धांतिक कणभौतिकीत एका निबंधावर सहसा दोन-चार नावं असतात आणि ती आडनावाच्या वर्णक्रमानं लागतात. पहिलं नाव म्हणजे मोठा वाटा, असं तिथं नाही. प्रयोगवाल्यांची तर गोष्टच वेगळी: हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या निबंधावर ५,१५४ लेखक आहेत, आणि त्या निबंधाचा उल्लेख झाला की तो सगळ्यांच्या खात्यात जातो. म्हणून ‘सैद्धांतिक’ हा शब्द गाळू नका, नाहीतर आकड्यांची तुलनाच चुकते. आकडा इन्स्पायर या सूचीतला की गूगल स्कॉलरवरचा, तेही लिहा. दोन्हीकडे जुळत नाही.

संत्राबाग (वरुड):
असं लिहितो: ‘आपल्या शोधप्रबंधांचा जगभरातील संशोधकांनी आपापल्या लेखनात हजाराहून अधिक वेळा उल्लेख केला आहे.’ निर्देशांक गाळला, समजावता समजावता सत्कार राहून जायचा.

पराटी:
हे समजलं मले.

मास्तरीणबाई:
‘शोधप्रबंध’ नाही, ‘शोधनिबंध’. प्रबंध पीएच.डी.चा, तो एकच असतो.