क्षार म्हणजे मीठ की अल्कली?

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमात दहावीला आहे, भाची इंदूरला हिंदी माध्यमात. त्याच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार, तिच्या पुस्तकात ‘अम्ल, क्षारक एवं लवण’, आणि पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला तिथे क्षार म्हणतात. म्हणजे त्याचा क्षार मिठासारखा आणि तिचा क्षार अल्कली! यातला मूळ अर्थ कोणता?

उत्तर : जुना अर्थ भाचीचा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याची रीत आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची आणि तीव्र क्षार हवा असेल तर त्यात भाजलेला चुना किंवा शंख मिसळायचा. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट चुन्यामुळे कॉस्टिक पोटॅश होतं, ते कातडी जाळतं. आपल्या घरातला पापडखार, टाकणखार (बोरॅक्स), वैद्याचा जवखार हे सगळे त्याच वळणाचे. ‘खारट’, ‘खारे दाणे’ मात्र मिठाकडे गेले. ‘आम्लारी’ हा शब्द मला फार आवडतो. आम्ल अधिक अरि, आम्लाचा शत्रू.

उत्तर : रसायनशास्त्र शिकवते म्हणून थोडी भर. हे दोन अर्थ एकमेकांपासून तितके लांब नाहीत. पापडखार किंवा टाकणखार रचनेने क्षारच आहेत, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून झालेले. पण त्यातलं आम्ल दुबळं आणि आम्लारी प्रबळ, त्यामुळे द्रावण अल्कधर्मी होतं. ‘खार’ म्हणणाऱ्याने गुण पाहिला, पुस्तकाने रचना पाहिली.

टाकणखार तर बफरही आहे, म्हणजे थोडं आम्ल पडलं तरी द्रावणाचा सामू (pH, आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) तो फारसा हलू देत नाही. जेवढ्या हायड्रोक्लोरिक आम्लाने लिटरभर शुद्ध पाण्याचा सामू 7 वरून 3 वर येतो, तेवढंच आम्ल लिटरभर पाण्यात जेमतेम चार ग्रॅम टाकणखार विरघळवून त्यात घाला. सामू 9.2 च्या आसपास असतो, तो 0.1 नेसुद्धा उतरत नाही. आलेले हायड्रोजन आयन बोरेट पकडतं आणि त्याचं बोरिक आम्ल होतं.

उत्तर : शेतकऱ्याला या शब्दाचा घोळ महागात पडतो, म्हणून लिहितो. आमच्या शिरोळ भागात उसाला पाणी जास्त झालं आणि जमिनी बिघडल्या की सगळे सरसकट ‘क्षारपड’ म्हणतात. माती परीक्षणात दोन वेगळे रोग असतात. क्षारपड जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, विद्युतवाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, पण सामू 8.5 च्या आत. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला, सामू 8.5 च्या वर, पाणी मुरतच नाही. पहिलीला निचऱ्याचे चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवून काढायचे. जिप्सम दुसरीला. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग तो सोडियमही पाण्याबरोबर चरातून बाहेर जावा लागतो. नुसत्या क्षारपड जमिनीत पोती रिकामी करून उपयोग होत नाही. अहवाल आला की सामू आणि विद्युतवाहकता दोन्ही आकडे पाहा, मगच जिप्समचं ठरवा.