अनुभव धागा: २०२४ चे आवडते अल्बम, आणि ते ऐकायचे कसे (सोलापूर)

मंडळी, वर्ष सरलं. जानेवारीतली गड्डा यात्रा भरायच्या आत याद्या काढू. नुसती नावं टाकून पळू नका. अल्बम २०२४ मधलाच हवा, जास्तीत जास्त तीन. प्रत्येकासोबत एवढं लिहा: कशावर ऐकावा, कोणतं सेटिंग बंद करावं, कुठे बिघडतो आणि का. ‘लई भारी’ एवढ्यावर थांबलेली नोंद मोजणार नाही. (पुढच्या प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पहिली नोंद माझी. नाला सिनेफ्रो, ‘एंडलेसनेस’. दहा तुकडे, ‘कंटिन्युअम १’ ते ‘कंटिन्युअम १०’, सगळे मिळून पाऊण तास. सिंथवरची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरची) एक आर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक वाजणाऱ्या सुरांची साखळी, अल्बमभर फिरत राहते. कधी सॅक्सोफोन तिच्यावर बसतो, कधी हार्प, कधी ती एकटीच उरते. म्हणून इथे दोन तुकड्यांत फट पडली की सगळा खेळ संपला. अ‍ॅपमध्ये ‘क्रॉसफेड’ चालू असेल तर एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं. ते शून्यावर आणा आणि ‘गॅपलेस’ (विनाफट) चालू ठेवा. डाउनलोड केलेल्या एमपी३ असतील तर भानगड वेगळी. एमपी३ मध्ये आवाज ११५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या बारीक मोजमापांच्या) चौकटींत भरतात. शेवटची चौकट पुरी भरली नाही तर उरलेल्या जागेत शांतता घालतात, सुरुवातीलाही थोडी पडते. ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चालू आर्पेजिओत तेवढ्यानंही ठेच लागते. चांगले प्लेअर ही शांतता कापतात, स्वस्त कार स्टिरिओ बहुधा कापत नाहीत. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल, घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

माग-खटका

शेजारी यंत्रमाग असणाऱ्यांनी आधी एक गोष्ट समजून घ्या. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची, मोटरची सलग घरघर छान खातात, कारण तो आवाज पुढच्या क्षणीही तसाच असणार हे त्यांना धरता येतं. धोट्याचा, म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याचा, खटका त्यांच्या हाती लागत नाही. तिथे कानाचं भोक नीट बंद करणारे फोमचे टिप्स जास्त उपयोगी पडतात. टिप बोटांत चेपायचा, कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. आवाज वाढवून खटक्यावर मात करायला जाऊ नका, कान जातील.

माग चालू असताना म्दू मॉक्टरचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’. नायजरचा गिटारवादक, तमाशेक भाषेत गातो. गिटार इतकी टोकदार की खटक्यातूनही वाट काढते. शीर्षकगीतापासून क्रमानं ऐका, चढाव तिथूनच आहे.

माग बंद असतील त्या दिवशी एड्रियन लेंकरचा ‘ब्राइट फ्यूचर’. हा टेपवर ध्वनिमुद्रित केलेला आहे. टेपची सळसळ आणि खोलीतले बारीक आवाज तसेच ठेवलेत, तो दोष नव्हे. ते गेले तर पियानो आणि आवाजामधलं अंतर कळत नाही. त्यामुळे ‘व्हॉइस बूस्ट’, ‘क्लिअर ऑडिओ’ असली बटणं बंद.

पूर्व भाग

अरूज आफताब, ‘नाइट रेन’ (Night Reign), मे महिन्यात आलेला, नऊ गाणी. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, दखनी सगळं कानावर पडतं, तरी हा अल्बम पहिल्यांदा परका वाटतो, कारण लय फार सावकाश. ‘ना गुल’चे शब्द मह लका बाई चंदा यांचे. त्या अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या कवयित्री. हैदराबाद म्हणजे आपल्याला दारचंच, पण हे शब्द इथे न्यूयॉर्कमार्गे, तिथे राहणाऱ्या अरूजकडून पोचले.

ऐकताना घोळ होतो तो ब्लूटूथमुळे. तिचा आवाज श्वासाळ आहे. ‘स’, ‘श’, ‘ख’ ही अक्षरं बारीक हवेसारखी सुटतात, आणि एसबीसी कोडेक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची साधी पद्धत) नेमकं तेच खरखरीत करतो. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ब्लूटूथ कोडेक बघा. हेडफोनला एलडॅक हा जास्त माहिती पाठवणारा कोडेक असेल तर तो निवडा आणि ‘बेस्ट एफर्ट’ऐवजी ६६० किलोबिट ठरवून टाका. ९९० निवडलं तर नवी पेठेच्या गर्दीत आवाज तुटतो, आणि बेस्ट एफर्ट गुपचूप ३३० वर उतरतो. आयफोनवाल्यांना ही निवडच नाही, तिथे एएसी हाच कोडेक. सगळ्यात सोपं म्हणजे वायर लावा.

‘रात की रानी’मध्ये आवाजावर ऑटोट्यून (सूर यंत्रानं बसवायचा परिणाम) मुद्दाम ठेवलंय. हेडफोन बिघडले असं समजून दुकानात जाऊ नका.

सात रस्ता

शक्ती या बँडचा ‘दिस मोमेंट’ चालेल का? १५ डिसेंबरला त्यातले तबलावादक झाकीरभाई (हुसेन) गेल्यापासून दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

धागाकर्ता

दादा, नियमात बसत नाही. ग्रॅमी फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळालं म्हणून घोटाळा होतो, अल्बम जून २०२३ चा. पण ऐकायला कोण अडवतंय? एवढंच करा, फोनच्या स्पीकरवर नको. बायाँचा (तबल्याच्या डाव्या, खर्जाच्या भांड्याचा) घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली राहतो. फोनचा स्पीकर तिथे पोचत नाही, मग तबला नुसता टिकटिक वाटतो. सेल्वागणेशची खंजिरा (छोटी डफली) आणि तबला यांतला सवाल-जवाबही दोन्ही कानांना वेगवेगळं ऐकू आलं तरच कळतो.

एकसलग

दोन नावं.

बियॉन्से, ‘काउबॉय कार्टर’. २७ तुकडे, ७८ मिनिटं. मधले छोटे तुकडे, रेडिओवरच्या निवेदनासारखे, गाळू नका. गाण्यांचे सांधे तिथेच आहेत. एलपी (मोठी तबकडी) घेणार असाल तर सावधान: सुरुवातीच्या एलपीत पाच तुकडे नव्हतेच, ‘या या’ आणि ‘स्पॅगेटी’सुद्धा. विकणाऱ्याकडून मागच्या बाजूची यादी फोटोत मागवा, मोजा, मगच पैसे द्या.

अनुष्का शंकर, ‘चॅप्टर टू: हाऊ डार्क इट इज बिफोर डॉन’. छोटा अल्बम, सतार अगदी हळू. हा शफलवर लावला तर वाट लागते. स्पॉटिफायचं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (आवाजाची पातळी सारखी करायची सोय) अल्बम क्रमानं चालू असेल तर सगळ्या अल्बमला मिळून एकच माप लावतं, शांत जागा शांत राहतात. शफलवर मात्र प्रत्येक तुकडा वेगळा मोजून उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीकडे ओढला जातो. सगळं एकाच उंचीचं होतं. ‘लाउड’ पर्याय तर घेऊच नका, त्यात मोठे आवाज दाबणारा लिमिटर बसतो.

आणि वर्षअखेरीचा अ‍ॅपचा आढावा तुमची आवड सांगतो हा गैरसमज सोडा. तीस सेकंदं वाजलं की एक गाणं मोजलं. म्हणजे ‘काउबॉय कार्टर’ एकदा ऐकला की वीस-पंचवीस मोजण्या, ‘एंडलेसनेस’ला जेमतेम दहा. शिवाय आढावा डिसेंबरच्या तोंडावर येतो, त्यामुळे उशिरा आलेले अल्बम मागे पडतात. त्यापेक्षा साधी वही ठेवा: अल्बम, पहिल्यांदा सलग ऐकल्याची तारीख, तीन महिन्यांनी पुन्हा सलग ऐकला का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो अल्बम यादीतून गेला.

पार्क चौक

‘अमरसिंग चमकीला’, ए. आर. रहमान. सहाच गाणी, तरी क्रमानं ऐकायला हवीत. ‘बाजा’नं सुरुवात आणि ‘विदा करो’नं शेवट, हे उलटं केलं तर अर्थच लागत नाही. मराठीत यंदा सलग अल्बम म्हणून ऐकावं असं माझ्या कानावर काही आलं नाही. सुटी गाणी मात्र ढीगभर.

तबकडी

द क्युअर, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. १ नोव्हेंबरला आला, आठ गाणी, ४९ मिनिटं. ‘अलोन’मध्ये तीन मिनिटं होऊन गेली तरी आवाज लागत नाही. तिथे कंटाळून पुढे जाणाऱ्यांनी हा अल्बम सोडून द्यावा, त्यांच्यासाठी नाही तो.

एका एलपीवर ४९ मिनिटं म्हणजे एका बाजूला जवळपास २५. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाला १८ ते २२ मिनिटं सुखाची. त्यापुढे खाचा जवळजवळ काढाव्या लागतात, आवाजाची पातळी कमी होते आणि खरखर वर येते. त्यात दहा मिनिटांचं ‘एंडसाँग’ दुसऱ्या बाजूच्या शेवटी, लेबलाजवळ. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत आल्यावर २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, म्हणून गिटारचा कल्लोळ तिथे फाटतो. उपाय दोन. प्रोट्रॅक्टरनं (कोन मापायच्या पट्टीनं) कार्ट्रिजचा, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचा, कोन नीट बसवा आणि सुई बारीक घ्या. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज असेल तर बॉडी तीच ठेवून एमएलची (मायक्रोलिनियर, बारीक टोकाची) सुई बसते. सुईचं तबकडीवरचं वजन दोन ग्रॅम. तबकडी जपायची म्हणून कमी ठेवलं तर सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

आपल्या उन्हाळ्यात तबकड्या कधीही आडव्या रचू नका आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नका. काच बंद गाडीत तबकडीचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ पडायला फार वेळ लागत नाही. पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर तर नकोच. खाली, उभ्या, घट्ट न कोंबता.

सात रस्ता

तबकडी धुवायला बोअरचं पाणी चालतं का हो?

तबकडी

नाही. आपलं पाणी जड. वाळलं की क्षार खाचेत बसतात आणि कटकट सुरू होते. डिस्टिल्ड पाणी ८०० मिली, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली, भांड्याच्या बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब. मायक्रोफायबरनं खाचेच्या दिशेनं पुसा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दुसरा हात, नाहीतर साबणाचा थर सुईवर येतो. सावलीत उभी वाळवा. घरात आजोबांच्या वेळच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.