ज्यू मुलांना आसरा देणारी ख्रिस्ती घरं: श्रद्धेचा वाटा नेमका किती?

गोदाकाठ (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स, हॉलंड, बेल्जियममधल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी, मठांनी आणि शाळांनी ज्यू मुलं लपवली. त्याबद्दल वाचताना 'श्रद्धेपोटी केलं' एवढं एकच कारण पुन्हा पुन्हा दिलेलं दिसतं. ते पटत नाही असं नाही, पण पुरतही नाही. त्याच चर्चमध्ये जाणारे, तेच बायबल वाचणारे लाखो लोक गप्प बसले होते. मग वाचवणाऱ्यांच्या बाबतीत श्रद्धेने नेमकं काय केलं?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. शहरातून आलेलं, फ्रेंच धड न बोलणारं आठ वर्षांचं पोर खेड्यात रेशन, शाळा आणि रविवारची उपासना या सगळ्यांतून निभावून कसं नेत? आणि तिसरा, जरा अवघड: या मुलांना ख्रिस्ती करून घेतलं गेलं का?

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीचा याच्याशी काही संबंध आहे का, तेही कुणी सांगावं.

---

जुनीपानं

शेवटचं आधी. वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात राहिलेले पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि ते सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते. ती कथा मोठी आहे, पण वेगळी. इथे मिसळू नये.

आता मूळ प्रश्न. फ्रान्सच्या मध्य-दक्षिण भागात सुमारे हजार मीटर उंचीवर एक पठार आहे आणि त्यावर ल शांबों-स्युर-लिन्यों हे गाव. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट लोक शेकडा दोनसुद्धा नव्हते, पण या पठारावर त्यांचीच वस्ती दाट. 1685 मध्ये चौदाव्या लुईने त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि पुढची शंभर वर्षं त्यांच्या पाद्र्यांना फाशी, पुरुषांना गलबतांवर सक्तमजुरी, बायकांना कैद असं चाललं. मारी द्युरां ही बाई श्रद्धा सोडत नाही म्हणून 1730 पासून 38 वर्षं एका बुरुजात कोंडलेली होती. तिचं नाव तिथल्या पोराटोरांना ठाऊक असे. रात्री दार वाजलं आणि बाहेर सरकारने हाकललेला माणूस उभा असला तर काय करायचं, याचं उत्तर त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. माझ्या मते श्रद्धेचं पहिलं काम हे: तिने सरकारी हुकमाचा धाक आधीच कमी करून ठेवला होता.

दुसरं काम व्यासपीठावरून झालं. फ्रान्सने शस्त्रसंधी केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 23 जून 1940 च्या रविवारी, आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या दोन पाद्र्यांनी मंडळीला सांगितलं की आपल्या विवेकाविरुद्ध जबरदस्ती झाली तर आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. त्रोक्मे शांततावादी होते, शस्त्र उचलायला त्यांचा विरोध होता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या 19 व्या अध्यायात शरणपुरांची, म्हणजे आसरा देणाऱ्या नगरांची, आज्ञा आहे, निर्दोष माणसाचं रक्त आपल्या भूमीत सांडू नये म्हणून. त्यांनी ती गावाला लागू केली.

पण प्रवचन ऐकून कोणी पलंग मोकळा करत नाही. तिसरं काम यंत्रणेचं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. 1893 मध्ये सें-एतिएनचे पाद्री लुई कोंत यांनी खाणकामगारांची अशक्त मुलं हवापालटासाठी या पठारावरच्या शेतकऱ्यांकडे पाठवायची योजना सुरू केली होती. त्यामुळे परगावचं अनोळखी पोर शेतावर राहतंय, यात शेजाऱ्यांना नवल वाटत नसे. उन्हाळी पाहुण्यांसाठी खाणावळी होत्या, 1938 मध्ये त्रोक्मे-तेइसनी काढलेली माध्यमिक शाळा होती. पैसा क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाकडून आणि स्विस मदतसंस्थेकडून येई. तिने मे 1941 मध्ये 'ला गेस्पी' हे पहिलं बालगृह उघडलं आणि पुढे आणखी दोन. दक्षिणेतल्या छळछावण्यांतून मुलं कायदेशीर परवानगीने बाहेर काढून इथे आणता येत, हा सुरुवातीचा मार्ग होता. ऑगस्ट 1942 नंतर तो बंद झाला आणि खरं लपवणं सुरू झालं.

श्रद्धा एकाच छापाची नव्हती हेही लक्षात घ्या. त्याच पठारावर डार्बीपंथी शेतकरी होते. त्यांना ना पाद्री, ना राजकारण. घरी बसून जुना करार अक्षरशः वाचणारी ही माणसं. ज्यू म्हणजे देवाने निवडलेली प्रजा, ती दारी आली हेच त्यांना पुरेसं होतं. ते फार बोलत नसत आणि या कामात न बोलण्याइतका उपयोगी गुण दुसरा नाही.

---

शिक्काशाई

व्यवहाराची बाजू मी मांडतो.

जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या 1940 च्या कायद्याने ओळखपत्र सोळा वर्षांवरच्यांना लागे. त्यामुळे लहान मुलाचा मुख्य कागद म्हणजे रेशनकार्ड. तीन ते सहा वर्षांना ज1, सहा ते तेराला ज2, तेरा ते एकवीसला ज3 असे गट होते. वर्ग चुकला की हिशेब चुकतो आणि नगरपालिकेच्या कारकुनाचं लक्ष जातं. डिसेंबर 1942 च्या कायद्याने ज्यूंच्या ओळखपत्रावर आणि रेशनकार्डावर 'ज्यू' असा शिक्का सक्तीचा झाला, म्हणजे खरं कार्ड दाखवणंच धोक्याचं. तिथून बनावट कागद अपरिहार्य झाले.

नाव बदलताना शक्यतो आद्याक्षरं तीच ठेवत, कारण कपड्यांवर ती भरतकाम केलेली असत. मुलाच्या तोंडीही साधारण तोच आवाज बसे. जन्मगाव असं निवडत की चौकशी करता येऊ नये: बाँबहल्ल्यात दप्तर जळालेलं शहर, किंवा नोव्हेंबर 1942 नंतर अल्जीरिया, कारण तिथे दोस्त सैन्य उतरल्यावर फ्रान्समधून पत्रव्यवहारच तुटला. जर्मन वळणाची फ्रेंच बोलणाऱ्या मुलाला 'अल्सासचा', म्हणजे जर्मन सीमेवरच्या प्रांतातला, म्हणत. शांबोंच्या पठारावर कागद तयार करणारा ऑस्कर रोझोव्स्की हा स्वतःच ज्यू तरुण होता, वैद्यक शिकायची इच्छा असलेला पण ज्यू म्हणून प्रवेश नाकारलेला. सामान शेतावरच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवत. झडती घेणारा तिथे हात घालत नाही.

बिघडायचं कुठे? बहुतेक वेळा कागदात नाही, सवयीत. शेजारच्या मुलाने खरं नाव विचारलं आणि पोर सांगून मोकळं झालं. आईचं पत्र उशीखाली सापडलं. भावंडं एकत्र ठेवली तर एकमेकांशी घरची भाषा बोलत, वेगळी केली तर रडून आजारी पडत. मुलग्यांची सुंता झालेली असे, म्हणून नदीवर पोहायला किंवा शाळेच्या तपासणीला पाठवताना जपावं लागे.

कॅथलिक मठशाळांत तर वेगळीच पंचाईत. क्रूसाची खूण उजव्या हाताने, कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पाठ हवं. नऊ-दहा वर्षांचं मूल ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत आलं नाही की वर्गात कुजबुज होणार. आणि बाप्तिस्मा न झालेल्याला तो देणं धर्मनियमात बसत नाही. कापदनाक इथल्या मठाच्या प्रमुख सिस्टर देनीज बेर्गों यांच्याकडे ऐंशीहून अधिक ज्यू मुलं होती. इतर नन्सना त्यांनी सांगितलं की ही कम्युनिस्ट घरातली आहेत, म्हणून प्रार्थना येत नाहीत. खरं काय ते मठातल्या मोजक्या जणींनाच माहीत होतं. खोटं बोलणं पाप, मग हे चालेल का, असं त्यांनी तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांना विचारलं. माणसांचे जीव वाचत असतील तर खोटं बोलू या, असं उत्तर आलं. श्रद्धाळू माणसाला अशा परवानगीची किती गरज असते हे बाहेरच्याला कळत नाही. याच सालिएज यांनी 23 ऑगस्ट 1942 ला धर्मप्रांतातल्या चर्चमध्ये वाचण्यासाठी पत्र काढलं होतं: ज्यू हे पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, ते आपले बांधव आहेत. प्रीफेक्टने, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याने, बंदी घातली, तरी बहुतेक ठिकाणी ते वाचलं गेलं. गावच्या धर्मगुरूंना आणि मठांना दार उघडायला तेवढा इशारा पुरला.

---

समुद्रसपाटी

हॉलंडबद्दल थोडं, कारण गोदाकाठ यांचा 'मग बाकीचे गप्प का' हा प्रश्न तिथे जास्त टोचतो. फ्रान्समधले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू वाचले, हॉलंडमधले तीन चतुर्थांश मारले गेले. डोंगर नाहीत, सरहद्दीपलीकडे आसरा देणारा देश नाही, लोकसंख्येची नोंद अचूक.

तिथे कट्टर कॅल्विनवादी 'खेरेफॉर्मेर्ड' पंथाचे लोक लोकसंख्येच्या साधारण 8 टक्के, पण लपलेल्या ज्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या घरांत होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या पंथात दोन वचनं एकमेकांसमोर उभी होती. रोमकरांस पत्र, अध्याय 13: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. आणि प्रेषितांची कृत्ये 5:29: मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. गप्प बसलेल्यांनी पहिलं धरलं, दार उघडणाऱ्यांनी दुसरं. म्हणून 'बायबल वाचत होते' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मंडळीत कुठलं वचन मोठ्याने वाचलं जातं यावर सगळं अवलंबून. आणि हा फरक बहुतेकदा त्या गावच्या पाद्र्यावर ठरे. जिथे एखादा पंथ आजूबाजूच्या वस्तीत अल्पसंख्य होता तिथे लपवण्याचं काम जास्त झालं, असंही संशोधनात आढळलं आहे. अल्पसंख्य मंडळीत माणसं एकमेकांना ओळखतात, कोणावर विसंबायचं हे ठाऊक असतं आणि बाहेर बातमी फुटत नाही.

मुलं बाहेर काढण्याचं काम अॅमस्टरडॅमच्या प्लांटाझे मिडनलान रस्त्यावर झालं. एका बाजूला नाट्यगृह, जिथे पकडलेल्या ज्यूंना कोंडत. समोर पाळणाघर, जिथे त्यांची लहान मुलं ठेवत. पाळणाघराजवळ प्रोटेस्टंट अध्यापक विद्यालय, मुख्य योहान फान हुल्स्ट. मागची आवारं लागून होती. पाळणाघराच्या हेन्रिएट पिमेंटेल आणि नाट्यगृहातले वाल्टर झुसकिंड हे दोघेही ज्यू होते. झुसकिंड नोंदवहीतून मुलाचं नाव उडवत, पिमेंटेल यांच्या हाताखालच्या मुली मूल कुंपणावरून विद्यालयात देत. तिथून टोपलीत किंवा पिशवीत घालून, ट्रॅम मध्ये येऊन पहारेकऱ्याची नजर अडली की बाहेर. आई-बापांची संमती आधी घ्यावी लागे, आणि ती मागणं हे सगळ्यात अवघड काम होतं. अशी सुमारे 600 मुलं सुटली. पिमेंटेल आणि झुसकिंड दोघंही वाचले नाहीत. वाचवणारे फक्त ख्रिस्ती होते असं सांगितलं जातं तेव्हा ही नावं मुद्दाम घ्यावीत.

पुढे काळ्या केसांची मुलं दक्षिणेत लिम्बुर्गला आणि सोनेरी केसांची उत्तरेत फ्रीसलंडला पाठवत, म्हणजे गर्दीत उठून दिसू नयेत. पकडून देणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर मिळत, नंतर दर वाढला.

---

गोदाकाठ

तिघांचेही आभार. जुनीपानं, शांबोंमध्ये नुकसान झालंच नाही का? आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न राहिला.

---

जुनीपानं

झालं. फेब्रुवारी 1943 मध्ये त्रोक्मे, तेइस आणि शाळामास्तर दार्सिसाक यांना पकडून छावणीत ठेवलं, काही आठवड्यांनी सोडलं. 29 जून 1943 ला गेस्टापोने 'मेझों दे रोश' या विद्यार्थी वसतिगृहावर छापा घातला. त्रोक्मेंचे चुलत नात्यातले दानिएल त्रोक्मे तिथले प्रमुख. ते छाप्याच्या वेळी दुसऱ्या बालगृहात होते, निसटता आलं असतं. ते आपल्या मुलांकडे परत गेले आणि 1944 मध्ये मायदानेक छावणीत मरण पावले. डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट 1944 मध्ये ल्यों शहराबाहेर गोळ्या घातल्या. पठारावर एकूण किती जणांना आसरा मिळाला याचे आकडे अभ्यासकांत वादाचे आहेत, 5,000 हा बहुधा फुगवलेला. 1990 मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू नरसंहार स्मारकसंस्थेने गावाचा आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांचा मिळून गौरव केला.

शांबोंत धर्मांतराचा आग्रह नव्हता. बाकी ठिकाणी तसं म्हणता येणार नाही. शिक्काशाई यांनी त्यावर लिहावं.

---

शिक्काशाई

लिहितो. बेल्जियममध्ये बेनेडिक्टाइन साधू आंरी रेंडर्स, म्हणजे फादर ब्रुनो, यांनी तीनशेहून अधिक मुलं घरोघरी आणि मठांत ठेवली. मुलांवर धर्म लादायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. त्याच देशात ज्यू संरक्षण समितीने मुलांची नोंद पाच वेगवेगळ्या वह्यांत विभागून ठेवली: खरं नाव एकीत, खोटं दुसरीत, पत्ता आणखी कुठे, आणि सगळं सांकेतिक क्रमांकाने जोडलेलं. एक वही सापडली तरी शत्रूला काही कळू नये, आणि युद्धानंतर मूल आई-बापाला परत देता यावं. ही दुसरी बाजू फार महत्त्वाची. जिथे अशी वही नव्हती, तिथे मूल लहान असलं तर आपण कोण हे त्याला स्वतःलाही माहीत नसे.

मूल सांभाळणाऱ्या काही पालकांनी खरोखर प्रेमाने आणि तितक्याच ठाम श्रद्धेने मूल परत द्यायला नकार दिला. कॅथलिक नियमाप्रमाणे बाप्तिस्मा एकदा झाला की पुसता येत नाही. ग्रनोबलच्या नगरपालिका पाळणाघराच्या प्रमुख आंत्वानेत ब्रन यांच्याकडे रोबेर आणि जेराल्द फिनाली हे दोन भाऊ होते, आई-वडील 1944 मध्ये मारले गेलेले. आत्या 1945 पासून मुलं मागत होत्या. ब्रन यांनी 1948 मध्ये दोघांचा बाप्तिस्मा केला. 1952 मध्ये न्यायालयाने मुलं नातेवाइकांना द्या म्हटल्यावर काही धर्मगुरू आणि नन्सनी ती लपवत लपवत 1953 मध्ये स्पेनला पोचवली. त्यांच्यापैकी काहींना अटक झाली. जून 1953 मध्ये मुलं परत आली आणि पुढच्या महिन्यात आत्याबरोबर इस्रायलला गेली.

हॉलंडमध्येही सुमारे 2,000 मुलांचा प्रश्न होता. त्यांच्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगाच्या प्रमुख खेसिना फान दर मोलेन युद्धात याच मुलांना लपवणाऱ्या गटात होत्या. अनाथ मुलांना ख्रिस्ती पालकांकडेच राहू द्यावं याकडे त्यांचा कल, आणि आयोगातले ज्यू सदस्य त्यावर अक्षरशः लढले. ज्या धैर्याने मूल वाचवलं, तेच धैर्य नंतर त्याला त्याच्या माणसांकडे जाऊ देईना. गोदाकाठ, तुमचा तिसरा प्रश्न अवघड आहे तो यामुळे. एका कुटुंबात उत्तर 'नाही' मिळतं, शेजारच्या मठात 'हो', आणि दोन्हीकडे तेच मत्तय 25 वाचलेलं असतं: मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं.